प्रस्तावनेतलं पान

नव्वद सालच्या मे महिन्यात भोळे सरांचं पत्र पोचवायला मी जळगावहून एदलाबादला गेले होते. पाटीवर मुक्ताईनगर लिहिलेलं होतं, पण एसटीत अजून सगळे एदलाबादच म्हणायचे. ऊन इतकं होतं की खिडकीच्या पत्र्याला हात लागला तरी चटका बसे.

मी तेव्हा टायपिंगची कामं घ्यायचे. अभिमन भोळे आणि जीवराम सुरवाडे हे दोघं एकाच कॉलेजात शिकवायचे, भोळे सर इतिहास आणि सुरवाडे सर राज्यशास्त्र. दोघांनी मिळून एक पुस्तक लिहायला घेतलं होतं. अमेरिका नवी नवी उभी राहत होती, त्या काळातल्या जेफरसन आणि ॲडम्स या दोन नेत्यांवरचं. दोघं आधी जिवलग मित्र होते. मग एकाला वाटलं, शेतकऱ्याच्या हाती सत्ता हवी. दुसऱ्याला वाटलं, मजबूत सरकार नसेल तर देश फुटेल. निवडणुकीत जेफरसननं ॲडम्सला हरवलं, आणि नव्या अध्यक्षाचं तोंड बघायला नको म्हणून ॲडम्स पहाटेच राजधानी सोडून गेला. पुढे अकरा वर्षं अबोला. म्हातारपणी पुन्हा पत्रं सुरू झाली ती मरेपर्यंत, आणि दोघं मेले एकाच दिवशी.

भोळे सर जेफरसनच्या बाजूचे, सुरवाडे सर ॲडम्सच्या. माझ्या टेबलाशेजारी बसून दोघं इतके भांडायचे की मला ओळ चुकायची. प्रस्तावना तेवढी राहिली होती. एक दिवस मात्र सुरवाडे सर एकटेच आले आणि म्हणाले, "कनीज, ते काम थांबव." कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्याला नऊ वर्षं झाली होती, आणि निवृत्तीनंतर सुरवाडे सर एदलाबादला राहायला गेले होते.

आदल्या संध्याकाळी भोळे सरांनी मला घरी बोलावलं होतं. अंथरुणाला खिळले होते. खोलीत निलगिरीच्या तेलाचा वास भरून राहिला होता. त्यांनी पत्र सांगितलं, मी ते तिथेच टाइप केलं. तीनच ओळी होत्या. 'जीवराम, प्रस्तावनेतलं तुझं पान राहू दे. ते बरोबर होतं. मी येतो.' खाली सही त्यांनी स्वतःच केली.

"टपालात टाकू नकोस," ते म्हणाले. "हातात दे."

मी पोचले तेव्हा एक वाजला असेल. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. सुरवाडे सरांचं दार उघडं होतं. ते खुर्चीत बसले होते आणि समोर दुसरी खुर्ची ओढून ठेवलेली होती. मी उंबऱ्यातच होते, तर ते म्हणाले, "ये. अभिमन म्हणालाच, कनीज निघालीय म्हणून."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"भोळे सर? इथे?"

"दहा वाजता आला. आत आहे. पाणी पितोय."

काल ज्यांना कुशीवर वळायला दोन माणसं लागत होती, ते साठ किलोमीटर कसे येतील? सुरवाडे सरांचं वय झालंय, उन्हानं काहीतरी झालं असेल, असं मी मनाशी म्हटलं. पुष्पाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, घरात दिसत नव्हत्या. मी काही बोलणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

माठावरची ताटली सरकल्याचा. मग पेला पाण्यात बुडाल्याचा. मग घोट... एकेक, सावकाश, खूप तहानलेलं माणूस पितं तसे. पेला ठेवल्याचा आवाज. आणि थोड्या वेळानं पुन्हा ताटली.

स्वयंपाकघराचं दार अर्धवट लोटलेलं होतं. तिथून ओल्या मातीचा गार वास येत होता, आणि त्यात निलगिरीचा.

"सर... आत कोण आहे?"

"बस," ते हळू आवाजात म्हणाले. "त्याला पिऊ दे."

मी बसले आणि पत्र पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. मग सांगू लागले. समोरच्या खुर्चीकडे बघत, जसं काही मला सांगतच नव्हते.

"प्रस्तावनेत मी एक पान लिहिलं होतं. सगळी माणसं समान आहेत, असं जगाला सांगणाऱ्या त्या जेफरसनकडे आयुष्यभरात सहाशेवर गुलाम होते. त्याचं पान. अभिमन म्हणाला, हे काढ. मोठ्या माणसाला त्याच्या काळाच्या मापानं मोजावं. मी म्हटलं, बरं, त्याचं राहू दे. तू एकोणीस वर्षं माझ्या घरी येतोस. चहा दिला की पित्त होतं म्हणतोस, पाणी दिलं की आताच प्यायलो म्हणतोस. तुझा काळ कोणता, अभिमन?"

आत पेला ठेवल्याचा आवाज आला.

"तो उठून गेला. मला वाटलं होतं, चिडेल, भांडेल. नुसता उठून गेला." त्यांनी चष्मा काढला. "आणि आज आल्या आल्या म्हणाला, जीवराम, पाणी घेऊ का?"

"सर, ते आजारी आहेत. त्यांना उठता येत नाही. मी काल संध्याकाळीच..."

"मला माहीत आहे."

"मग तुम्ही विचारलं नाही, कसा आलास म्हणून?"

"नाही विचारलं," सुरवाडे सर म्हणाले. "विचारलं असतं तर गेला असता."

माझ्याने पुढे बसवेना. उठून मी स्वयंपाकघराचं दार ढकललं. आत कुणी नव्हतं. मागचं दार आतून कडी लावलेलं. माठाची ताटली बाजूला, ओला पेला पालथा. मी माठात वाकून पाहिलं तर तळाशी बोटभर पाणी होतं. जमीन कोरडी ठणठणीत.

काकू दळण घेऊन आल्या. माठात डोकावून माझ्याकडे वळल्या. "एवढं पानी कोन पेलं वं बाई? सकाळी दोन हंडे ओतून गेली होती मी."



चारच्या सुमाराला कोपऱ्यावरचा दुकानदार निरोप घेऊन आला. त्याच्या दुकानात जळगावहून फोन आला होता. भोळे सर सकाळी पावणेदहाला गेले.

सुरवाडे सरांनी नुसतं "हो" म्हटलं. स्वच्छ सदरा घातला आणि आम्ही तिघं पाचच्या गाडीनं निघालो. वाटेत ते खिडकीबाहेर केळीच्या बागांकडे बघत राहिले. मध्ये कधीतरी म्हणाले, "मरताना ॲडम्स म्हणाला होता, जेफरसन अजून आहे. तो तर काही तासांपूर्वीच गेला होता. आम्ही वर्गात हे हसत सांगायचो." मग त्यांनी काकूंच्या पदरात तोंड लपवलं. त्यांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

जळगावला भोळे सरांचा मुलगा पितांबर आम्हाला दारात भेटला. सुरवाडे सरांचे हात धरून म्हणाला, "काका, शेवटी चमच्यानं पाणी घालत होतो, तर दात घट्ट मिटून घेतले त्यांनी. म्हणाले, इथलं नको. तिकडे जाऊन पितो. आम्हाला काहीच कळलं नाही."

सुरवाडे सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. 

पुस्तक पुढच्या वर्षी छापून आलं. ते पान मी टाइप केलं, आणि खाली दोघांचीही नावं घातली. त्याच हिवाळ्यात सुरवाडे सर गेले. काकू मुलाकडे नाशिकला राहायला गेल्या आणि घर भाड्यानं दिलं. भाडेकरीण केसरबाई, अंगणवाडीत कामाला. बाहेरगावची, तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात काकूंची कागदपत्रं आणायला मी त्या घरी गेले. केसरबाईनं मला बसवलं आणि बराच वेळ घुटमळून विचारलं, "बाई, या घरात आधी कोन राहत होतं?"

"का?"

"भर दुपारी सैपाकघरात कोनीतरी विचारते, घेऊ का. म्हाताऱ्या मान्साचा आवाज हाये. लई दबकत विचारते. पयले मी घाबरली. मंग एक दिवस दया आली, म्हटलं, घ्या ना बाबा. तवापासून माठात पानी टिकत नाही."

"अजून विचारतो?"

"रोज." तिनं आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पन आता मले बोला लागत नाही. माह्या आधीच आतून दुसरं कोनीतरी म्हनते... घे."