श्रीपूरच्या विहिरीतला समुद्र

“हा बघा चोर! बोटं अजून पांढरी आहेत!” प्राध्यापक मानसिंगराव कडाडले. कपाटाची किल्ली त्यांनी शिपाई जोतीरामच्या कमरेवरून सकाळीच काढून घेतली होती. आता संध्याकाळपर्यंत नोकरीही जाणार होती.

सोलापुरातल्या त्या कॉलेजच्या कपाटातून लिंबाएवढा पांढरा दगड चोरीला गेला होता. सूक्ष्म समुद्री शैवालांच्या कॅल्साइटच्या सांगाड्यांचा खडू तो. श्रीपूरच्या विहिरीत आपल्याला तो सापडला, म्हणजे इथं एके काळी समुद्र होता, असं मानसिंगराव सर विलायतेहून परतल्यापासून सांगत होते. उद्या पुण्याचे तज्ज्ञ तो तपासायला येणार होते.

कॉलेजने बोलावलेल्या गुप्तहेर रुद्राणीबाईंचा सहकारी शिवशरण याला चोर ओळखायला वेळ लागत नसे; चुकीचा ओळखायला तर मुळीच नाही. “कुलूप शाबूत, किल्ली याच्याकडे. झालं की!”

“दुसरी किल्ली?” बाईंनी विचारलं.

“माझ्याकडे,” सर म्हणाले. “पण आठ दिवसांत मी त्या दगडाला हात लावलेला नाही.”

“बाई, दगड चोरून म्या काय करू? खाऊ व्हय त्याला?” जोतीरामने बोटं पुढे केली. “ह्यो तंबाकूचा चुना हाय!”

प्रयोगशाळेतली सहायक हेमावती चाचरत म्हणाली, “सरांनी ती विहीर कुणालाच दाखवली नाही. श्रीपूरला तर खणलं की लाव्हाचा काळा कातळच लागतो.”

बाईंनी कपाटात सांडलेली दगडाची भुकटी एका काचेवर घेतली, जोतीरामच्या बोटांवरची दुसरीवर. मग हात पुसायला सरांचा रुमाल मागितला.

“जपून हं. कोट अन् रुमाल आज सकाळीच परटाकडून आलेत.”

रुमालावर पांढरे डाग होते. परटाने नीट झटकला नसावा, असं शिवशरणला वाटलं. बाईंनी मात्र तिसरी काच भरली आणि तिन्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या.

“कपाटातल्या भुकटीत शैवालांच्या चाकांसारख्या चकत्या आहेत. जोतीरामच्या बोटांवर एकही नाही. चुना भट्टीत भाजलेला. त्यात सांगाडे टिकत नाहीत. पण सर, तुमच्या रुमालावर चकत्याच चकत्या!”

“तो फळ्याचा खडू!”

“तो जिप्समचा. त्यात शैवाल कुठलं? दगडाला आठ दिवस हात नाही, आणि आजच धुऊन आलेल्या रुमालावर त्याची भुकटी? दगड विलायतेचा आहे. उद्या तज्ज्ञांनी विहीर दाखवा म्हटलं असतं, आणि तिथं काळा कातळच दिसला असता. त्यापेक्षा चोरी बरी, नाही का? कोटाचा खिसा रिकामा करा.”

मानसिंगरावांनी दगड टेबलावर ठेवला. शिवशरणला जोतीरामकडे बघवेना.

“मग उद्या कामावर यायचं न्हवं, सर?” जोतीरामने विचारलं.

सरांनी मान वर न करताच किल्ली पुढे सरकवली. जोतीरामने ती कमरेला खोचली, आणि मगच तो रडला.