टाकला, लागला

दातांच्या डॉक्टरबाईंची ऑटोमॅटिक गाडी आमच्या गॅरेजात आली ती साध्याच तक्रारीसाठी. गिअर 'डी'वर टाकला की गाडी हलायची नाही. चहाचा एक घोट गिळावा एवढा वेळ नुसती उभी राहायची, आणि मग मागून कुणी ढकलल्यासारखी उसळायची.

"चौकात लोक हॉर्न वाजवून जीव नकोसा करतात हो. कधीपर्यंत..."

"परवा न्या," दादा म्हणाला.

दादा माझा थोरला भाऊ. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा स्वभाव. वहिनी म्हणायच्या, यांना विचारायची सोयच नाही, उत्तर आधी येतं.

आमची तपासायची पद्धत जुनी आहे. दादा सीटवर ब्रेक दाबून बसतो, मी खड्ड्यात उतरून गिअरबॉक्सच्या पोटाला तळवा लावतो. गिअर टाकला की तो ओरडतो, "टाकला." झटका जाणवला की मी ओरडतो, "लागला." धडधाकट गाडीत हे दोन शब्द एकमेकांच्या अंगावर पडतात. या गाडीत दोन्हींच्या मधे शांतता होती, आणि ती मला पहिल्यापासून आवडली नाही.

तेल गरम करून, इंजिन चालू ठेवून पातळी पाहिली. बरोबर. रंग लाल, जळका वास नाही. स्कॅनर गप्प, फिल्टर स्वच्छ. मग दाब मोजायचं घड्याळ लावलं आणि माझं डोकंच फिरलं. गिअर टाकताच काटा सरसर चढत होता. क्लचपर्यंत दाब वेळेवर पोचत होता, आणि गिअर मात्र सवडीने लागत होता. वीस वर्षांत मी असं पाहिलं नव्हतं.

शेवटी व्हॉल्व्ह बॉडी काढली. कुठल्या क्लचला तेल कधी द्यायचं ते तीच ठरवते. धुऊन उन्हात धरली, तर एक ओरखडा नाही. तरी नवी बसवली, कारण बदलण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं.

"टाकला."

झटका त्याच क्षणी तळव्याला बसला. "लागला," मी खूश होऊन ओरडलो. "कर बंद."

इंजिन चालूच राहिलं. चहाचा एक घोट गिळावा एवढा वेळ गेला. मग किल्ली फिरली.

"केलं," दादा म्हणाला.

गाडी गेली. जुना भाग फडक्यात गुंडाळून मी फळीवर ठेवला आणि विसरलो.

त्या आठवड्यात वहिनींनी मला बाजूला घेतलं. "भाऊजी, यांना कमी ऐकू येतंय का? हाक मारली की बघत राहतात. मग एकदम ओ देतात."

कान तपासले. उत्तम निघाले. मग दादाचा हात तापलेल्या सायलेन्सरला लागला. मी पाहत होतो. हात तिथेच राहिला. चेहऱ्यावर काही नाही. कातडी जळल्याचा वास आधी आला, आणि मग तो कळवळून मागे सरला.

मेंदूच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, तारा लावल्या, आलेख काढले. "नसांमधून संदेश वेळेवर पोचतोय," ते म्हणाले. "रिपोर्ट नॉर्मल आहेत."

मला तो सरसर चढणारा काटा आठवला.

मधली शांतता वाढत चालली होती. दादा ब्रेक उशिरा दाबायला लागला. एका सायकलवाल्याचं नशीब थोर म्हणून तो वाचला. जॅकवर चढवलेल्या गाडीखाली त्याला जाऊ द्यायची मला भीती वाटू लागली. हे असंच चाललं तर एक दिवस हा माणूस हातचा जाणार, हे मला लख्ख दिसत होतं.

मी अशा गोष्टी मानत नाही. तरी डॉक्टरबाईंना खोटं सांगून गाडी मागवली, त्यांना माझी वापरायला दिली, आणि जुनी व्हॉल्व्ह बॉडी परत चढवली.

"टाकला."

मी तळवा लावून वाट पाहत राहिलो. झटका आला तो उशिराच. आयुष्यात पहिल्यांदा बिघाड सापडल्याचा मला आनंद झाला.

"बंद..."

"केलं," दादा म्हणाला.

वहिनी त्या दिवशी किती हसल्या. पूर्वीचा दादा परत आला होता. प्रश्न संपायच्या आत उत्तर. गाडी मी आच्छादन घालून मागे उभी केली. ती परत कशी द्यायची ते नंतर बघू म्हटलं.

मग प्रश्न सुरू व्हायच्या आत उत्तर येऊ लागलं.

"नको, पोट भरलं," तो म्हणायचा. वहिनी हातातला डाव खाली ठेवायच्या, कारण त्या नुकत्याच वाढायला वळलेल्या असायच्या.

"चावी खिडकीत आहे," तो म्हणायचा. घोटभर वेळाने मला चावी लागायची.

परवा आम्ही तिघं जेवत होतो. कुणी बोलत नव्हतं.

"नाही रे, आता नाही दुखत," दादा माझ्याकडे न बघता म्हणाला. "रडू नकोस. हात सोड माझा."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. माझे दोन्ही हात माझ्या ताटापाशी होते.

घोटभर वेळ गेला. जेवण संपलं. भांडी घासून झाली. तो प्रश्न काही आला नाही.

तेव्हापासून मी दादाला काहीच विचारत नाही.

आज सकाळी तो बाकावर बसून डावा हात चोळत होता. कपाळावर घाम होता. 'दुखतंय का' एवढं माझ्या अगदी ओठांवर आलं.

मी ते गिळलं, आणि पाना शोधायला आत गेलो.