नगाऱ्याच्या पोटातलं गुपित

"धर! धर त्याला! गेला, गेला, गेला!"

नगारा धावला, पण कागद त्याच्यापेक्षा चपळ निघाला. कुंपणावरून उडाला, हवेत एक गिरकी घेतली आणि थेट गटारात जाऊन पडला. त्या कागदावर लपवलेल्या डब्याची जागा होती, वर्णन होतं, ओळखायची खूण होती. आता सगळी शाई पाण्यात!

"झालं! बसा आता बोंबलत!" घारी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तुझ्या हातात कागद दिला हेच चुकलं."

"मी काय करू? वाऱ्याला विचार ना!" नगारा ओरडला. तो साधं बोलला तरी ओरडल्यासारखंच वाटायचं, म्हणूनच तो नगारा. घारे डोळे म्हणून ती घारी. आणि घारीची धाकटी चुलतबहीण कायम या दोघांच्या मागे मागे, म्हणून ती शेपटी. खरी नावं शाळेच्या हजेरीपुरती.

सुट्टी लागली की तिघांचा एकच उद्योग. कुणीतरी कुठेतरी एक छोटा डबा लपवतं, ती जागा इंटरनेटवर टाकतं आणि बाकीच्यांनी तो हुडकायचा. सापडला की आतल्या चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि डबा होता तसा ठेवून द्यायचा. या खेळाला जिओकॅशिंग असं भारदस्त नाव आहे, पण हे तिघं नुसतं 'डबे' म्हणत. घारीच्या मामाने शिकवलेला खेळ. मामाचं सायकली आणि तंबू भाड्याने द्यायचं दुकान होतं. सुट्टीवर आलेल्या लोकांनाही तो डबे शोधायला पाठवायचा. प्रत्येक जागा आधी स्वतः जाऊन बघायचा, मग कागद छापायचा.

ओला कागद घेऊन तिघं दुकानात शिरले, तर मामा टाळी वाजवून हसला.

"कागद बंद! आजपासून माझ्या दुकानात एकही कागद नाही. हे घ्या!" त्याने खणातून आपला जुना फोन काढला. "आसपासचे सगळे डबे यात भरून ठेवलेत. वर्णन, खुणा, आधी कुणाला सापडला, तो काय म्हणाला, सगळं! रानात नेट नसलं तरी चालतं."

"आमचा?" घारीचा विश्वास बसेना.

"तुमचाच. तुम्ही स्वतःच्या खुणाही यात लिहून ठेवू शकता."

"आणि त्या कुणाला दिसतील?"

"कुणाच्या बापाला दिसणार नाहीत!" मामाने घारीच्या डोक्यावर टपली मारली. "माझा शब्द."

मामाचा शब्द म्हणजे घारीला दगडावरची रेघ. सायकल शिकवताना 'सोडणार नाही' म्हणाला होता आणि खरंच शेवटपर्यंत सोडली नव्हती.

फोनने तर कमालच केली! पुलाखालचा डबा सापडला, जुन्या विटांच्या ढिगातला सापडला. नगारा मोठ्याने वाचायचा, घारी दिशा धरायची आणि शेपटी, उंचीने सगळ्यात लहान असल्यामुळे, बिळाबिळांत हात घालायची. असाच एक डबा शोधताना त्यांना नदीकाठी बंद पडलेलं पंपघर सापडलं. गंजलेलं दार, फुटका झरोका आणि आतून येणारा विचित्र आवाज. स्स्स्स! स्स्स्स!

"साप!" नगारा एवढ्याने किंचाळला, की साप असता तर बहिराच झाला असता.

"गप रे!" घारी झरोक्यापाशी चढली. बघते तर काय, भिंतीतल्या कोनाड्यात पांढऱ्या पिसांचे गोळे बसलेले. बदामासारखे चेहरे, काळेभोर डोळे. गव्हाणी घुबडाची पिल्लं! आवाज त्यांचाच होता.

"कित्ती वेडी दिसतात!" शेपटी कुजबुजली.

"ऐका," घारी खाली उतरून म्हणाली. "इथे माणसांची वर्दळ झाली तर त्यांचे आईबाबा परत यायचे नाहीत. पिल्लं उपाशी मरतील. कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही. शप्पथ?"

"शप्पथ!" शेपटी म्हणाली.

नगाऱ्याने गळ्याला चिमटा घेतला. "शप्पथ! पण तुम्ही दोघी माझ्याकडे अशा का बघताय?"

का म्हणजे? अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, नगाऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही! बाईंच्या वाढदिवसाचं गुपित त्यानेच बाईंना सांगितलं होतं, तेही अभिनंदन करून.

तिघांनी एका डब्यात छोटी दुर्बीण ठेवली आणि तो डबा झरोक्याखाली लपवला. पिल्लं मोठी होताना लांबच्या झाडाखालून बघायची, असं ठरलं. घारीने फोनमध्ये जागेची खूण केली आणि खाली टीप लिहिली, 'आत घुबडाची पिल्लं आहेत. जवळ जायचं नाही. आवाज करायचा नाही.' हे खास नगाऱ्यासाठी.

सगळं छान चाललं होतं. आणि एका सकाळी पंपघरापाशी माणसंच माणसं!

मोठमोठ्या टोप्या घातलेली, पाठीवर पिशव्या लावलेली माणसं. एक जण गंजलेलं दार हलवत होता. एक बाई झरोक्यातून आत फोनचा दिवा मारत होत्या. एक टोपीवाले काका सरळ शेजारच्या जुन्या हौदाकडे गेले, तळाचा दगड उचलला आणि दुर्बिणीचा डबा वर धरून ओरडले, "सापडला! खूण अगदी तंतोतंत आहे हो!"

टाळ्या! शिट्ट्या! आतून पिल्लांचा घाबरलेला फूत्कार.

"ओ काका! निघा! निघा इथून!" घारी धावत सुटली. "आत पिल्लं आहेत!"

"अरेच्चा, आम्हाला काय माहीत?" काका गोंधळले. माणसं चांगली होती बिचारी. सॉरी म्हणत निघून गेली. पण त्या दिवशी अंधार पडायला लागला तरी घुबडांची जोडी आत शिरली नाही. नुसती लांबच्या फांदीवर बसून राहिली.

घारी नगाऱ्याकडे वळली. "कुणाला सांगितलंस?"

"मी?" नगारा म्हणाला.

"नाहीतर कोण? शेपटी तर माझ्याच घरात असते. तूच बडबडलास कुठेतरी. दुसरं येतं काय तुला?"

"आईशप्पथ, मी एक शब्द..."

"तुझ्या शपथेवर विश्वास ठेवला हीच चूक झाली. पिल्लं मेली तर तुझ्यामुळे मरतील!"

नगारा काहीतरी बोलायला गेला. त्याचा चेहरा लाल झाला, ओठ हलले, पण आवाजच फुटला नाही. मग तो मान खाली घालून निघून गेला. त्या दोघींनी त्याला इतकं शांत कधीच पाहिलं नव्हतं.

रात्री घारीला जेवण गेलं नाही. जिवलग मित्रानेच दगा दिला तर माणसाने जेवायचं तरी कसं! शेपटी मात्र ताटातला घास चिवडत कसला तरी विचार करत होती.

"ताई, डबा झरोक्याखाली होता ना?"

"मग?"

"मग ते काका हौदाकडे का गेले?"

घारीचा घास हातातच राहिला. आदल्या संध्याकाळी तिनेच तो डबा हलवला होता. झरोका फार जवळ पडतो म्हणून हौदाच्या तळाशी ठेवला होता आणि फोनमधली खूणही बदलली होती. त्या वेळी सोबत फक्त शेपटी होती. नगाऱ्याला सांगायचं राहूनच गेलं होतं.

"म्हणजे त्याला माहीतच नव्हतं," घारी पुटपुटली. तिला एकदम रडूच आलं. ज्याने शपथ पाळली त्यालाच तिने चारचौघांत नसलं तरी तोंडावर दगाबाज ठरवलं होतं!

सकाळी दोघी नगाऱ्याच्या दारात हजर झाल्या. तो पायरीवर बसला होता.

"चुकलं माझं," घारी म्हणाली आणि सगळं सांगितलं. "तू मला वाट्टेल ते बोल."

"बोलणार नाही," नगारा म्हणाला. "बोललो की तुम्ही म्हणता, तोंडात तीळ भिजत नाही."

घारी त्याच्या शेजारी पायरीवर बसली. मग तोच म्हणाला, "डबा हलवलेला कुणाकुणाला माहीत होतं?"

"मला, हिला... आणि फोनला."

"फोनला!" शेपटी ओरडली.

"नाही, शक्यच नाही," घारी घाईघाईने म्हणाली. "मामाने शब्द दिलाय."

"मग परीक्षा घेऊ," नगारा म्हणाला. "फोनमध्ये एक खोटी खूण टाका. कुठली ते मला सांगू नका. मी तोवर तुझ्या आईसमोर बसतो. म्हणजे उद्या कुणी माझ्याकडे बोट दाखवायला नको."

हे शेवटचं वाक्य घारीला चांगलंच लागलं.

नगारा खरोखर घारीच्या घरी मुक्कामाला आला. संध्याकाळी आईसमोर बसून मटार सोलले, सकाळी पुन्हा सोलले. अर्धे दाणे पातेल्यात, अर्धे पोटात. आई म्हणालीसुद्धा, "अरे, एवढा गप्प का? बरं नाही का तुला?"

आणि मग परसात धाडकन आवाज झाला.

आई पळत गेली, मागून नगारा, मागून दोघी. परसात टोप्याच टोप्या! एक बाई झाडांच्या कुंड्या हलवत होत्या. वाळत घातलेली ओली चादर दोरीसकट खाली आली होती आणि तिच्या आत कुणीतरी धडपडत होतं. चादरीतून पंपघराजवळचेच काका बाहेर आले. हातात आईची बादली!

"ओ! माझ्या बादलीत काय शोधताय?" आई कडाडली.

"डबा..." काका चाचरत म्हणाले. "खूण इथलीच दाखवतेय. 'पाण्याच्या टाकीमागे, उलट्या बादलीखाली.'"

ते शब्द घारीचे होते. काल तिनेच फोनमध्ये लिहिले होते.

"ही खूण तुम्हाला कुणी दिली?" तिने विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं, तरी ते दुसरंच निघावं असं तिला फार वाटत होतं.

"सायकलच्या दुकानातून. रोज सकाळी आमच्या फोनवर नव्या खुणा येतात. तिथले मालक पाठवतात."

आईने पदर खोचला. "चला! सगळे चला! तुमच्या मालकाची मी थोरली बहीण आहे!"

असा मोर्चा त्या दुकानाने कधी पाहिला नव्हता. सगळ्यात पुढे आई, हातात बादली. मामा एका सायकलीत हवा भरत होता. बहिणीला बघून त्याच्या हातून पंपच गळून पडला.

घारी पुढे झाली. तिने फोन टेबलावर ठेवला. "आमच्या खुणा तुला दिसत होत्या?"

मामा ओशाळं हसला. "अगं, तो फोन दुकानाच्याच खात्याला जोडलेला आहे. त्यातल्या खुणा आपोआप यादीत येतात आणि यादी गिऱ्हाइकांना जाते. खालची टीप तेवढी त्यांना दिसत नाही, ती फक्त मला दिसते."

"हे तुला माहीत होतं?"

"तसं... हो. पण त्यात काय एवढं? तुम्ही जागा किती झकास शोधता! लोकांना रोज नवीन काहीतरी लागतं."

"तू शब्द दिला होतास," घारी म्हणाली. "खाली काय लिहिलं होतं ते वाचलंस?"

मामा पडलेला पंप उचलायला वाकला.

"'पिल्लं आहेत, जवळ जायचं नाही' असं लिहिलं होतं. पिल्लं उपाशी राहिली, मामा. आणि मी याला दगाबाज म्हटलं!" तिने नगाऱ्याचा हात धरला. "याने शपथ पाळली. तू नाही पाळलीस."

मामाचं हसू मावळलं. "खरंच वाचलं नव्हतं गं," तो हळूच म्हणाला. "कागद होते तेव्हा प्रत्येक जागा बघून यायचो. आता सगळं आपलं आपण जातं, म्हणून बघणंच सोडून दिलं."

"कागद बंद केलास ते ठीक," आई म्हणाली. "डोळे कशाला बंद केलेस?"

टोपीवाले काका खाकरले. "मुलांनो, शाबास! इतक्या हुशारीने आम्हाला कुणी पकडलं नव्हतं. पंपघराकडे आमच्यातलं कुणीही फिरकणार नाही."

मामाने सगळ्यांसमोर ती खूण पुसली, फोन दुकानाच्या खात्यातून तोडला आणि नगाऱ्याची माफी मागितली. 'त्या वाटेने जाऊ नका' असा निरोपही प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतः फोन करून दिला. संध्याकाळी लांबच्या झाडाखाली सगळे श्वास रोखून बसले. अंधारता अंधारता एक पांढरी सावली आवाज न करता आली आणि झरोक्यातून आत गेली. चोचीत उंदीर होता. आत एकच गलका उडाला. आईने नगाऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "तुझी अक्कल, बाळा. ती पिल्लं तुझ्यामुळे वाचली."

मामाने परतताना फोन पुढे केला. "घे. आता खरंच फक्त तुमचा."

"नको," घारी म्हणाली. सायकल न सोडणारा मामा तिला अजून आवडत होता, पण हात काही पुढे होईना. "सध्या नको."

दुर्बिणीचा डबा नव्या जागी लपवायचा होता. घारीने तो नगाऱ्याच्या हातात दिला. "तू एकट्याने लपव. फोनमध्ये टाकायचा नाही, कागदावर लिहायचा नाही, आम्हालाही सांगायचा नाही. रोज दुर्बीण तू काढून द्यायचीस."

"मी?" नगाऱ्याचे डोळे विस्फारले. "मी सांगून टाकलं तर?"

"नाही सांगणार."

सुट्टी संपेपर्यंत मामाने नाना परी करून पाहिल्या. "नुसतं डावीकडे की उजवीकडे एवढं तरी सांग रे!" तो रोज विचारायचा. नगारा हाताची घडी घालायचा, ओठ घट्ट मिटायचा आणि मान हलवायचा. शेवटी पिल्लं उडून गेली, शाळा सुरू झाली, तरी तो डबा कुठे होता हे नगाऱ्याशिवाय कुणालाच कळलं नाही.