समोर माणूस आहे

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मावसभावाची आहे. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. आधी मीही हसलोच होतो.

गेल्या दसऱ्याची संध्याकाळ. दिंडोरी रोडवर म्हसरूळ सोडलं की पुढे निवृत्तीशेठचं इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग स्टेशन आहे. साधंसुधं नाही बरं का! गाडी लावायची आणि आतच बसून राहायचं. रुळावरून एक यांत्रिक हात सरकत येतो, गाडीचं झाकण शोधतो, प्लग बसवतो आणि गुमान परत जातो. नुसता तो हात बघायला लोक लांबून गाड्या घेऊन यायचे.

हा हात सुयशने बसवला होता. सुयश म्हणजे माझा मावसभाऊ. इंजिनियर, राहायला इंदिरानगरला.

त्या हाताला एक डोळा होता, म्हणजे सेन्सर. कोणी मध्ये आलं की हात जागच्या जागी थांबायचा, आणि यंत्रातून एका बाईचा आवाज यायचा...

"समोर माणूस आहे. कृपया बाजूला व्हा."

स्टेशनवर कामाला नवनाथ होता. दिंडोरीच्या पलीकडच्या एका खेड्यातला. घरी म्हातारी आई, बाकी कोणी नाही. सुरुवातीला तो जमिनीवरची पिवळी रेघ ओलांडायलाही घाबरायचा. सुयशनेच त्याच्या पाठीवर थाप मारून सांगितलं होतं, "अरे, बिनधास्त जा. माणूस दिसला की तो थांबतोच."

तर त्या दिवशी शेठने यंत्राची पूजा मांडली. हळदकुंकू, नारळ आणि झेंडूचा भलामोठा हार. नवनाथने तो हौसेने त्या हातालाच बांधला. आरती झाली. पाहुण्यांच्या देखत पहिली गाडी येऊन लागली.

आणि हात जागचा हलेना.

"समोर माणूस आहे... समोर माणूस आहे..."

समोर चिटपाखरूही नव्हतं. हार डोळ्यावर आला होता, इतकंच. पाहुणे गालातल्या गालात हसायला लागले.

"सर, हार काढू का?" नवनाथने विचारलं.

"हात लावू नको!" शेठ कडाडले. "पूजेचा हार लगेच उतरवतात का कुठं? सणाच्या दिवशी अपशकुन!"

सुयशने सोपा मार्ग काढला. लॅपटॉप उघडला आणि यंत्राचा डोळाच बंद करून टाकला. हात सुटला, प्लग बसला, टाळ्या पडल्या. नवनाथने सुयशच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि वाकून नमस्कार केला.

"सोनं घ्या सर. सोन्यासारखं राहा."

मग जेवणं झाली, गप्पा रंगल्या... आणि डोळा उघडायचा राहून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवनाथ निर्माल्य उतरवायला रेघेच्या आत गेला. बिनधास्त. तेवढ्यात एक गाडी येऊन लागली.

पुढचं मी सांगणार नाही.

सुयश पोचला तेव्हा नवनाथला नेलं होतं. खाली झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या, त्याही तुडवलेल्या. सगळे बाहेर घोळक्याने उभे होते. सुयशने पहिलं काम काय केलं असेल?

लॅपटॉप उघडला. आणि डोळा चालू केला.

चौकशी झाली. डोळा चालू सापडला. म्हणजे चूक नवनाथचीच, एकदम मध्ये घुसला असणार. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. मेलेला माणूस थोडाच बोलणार होता!

नवनाथची आई, कुसाबाई, एकदा स्टेशनवर आली. सुयशसमोर हात जोडून म्हणाली, "साहेब, गाव म्हनतं, पोरगं पिऊन गेलं व्हतं. माझा नवनाथ तसला नाय हो. तुम्ही एकदा गावात येऊन सांगा. तुमचं ऐकतील लोक."

"बघतो, मावशी," सुयश म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवलं नाही.

तो गेला नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत दिवाळी उलटली. अन्न गोड लागेना. लाज वाटायची, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटायची.

मग स्टेशनवर नवा आलेला शाहनवाज फोन करायला लागला.

"सर, मशीन पागल झालंय. जागा खाली आहे, तरी बोलतंय, माणूस आहे म्हणून."

सुयशने सेन्सर बदलला. तारा बदलल्या. काही फरक नाही. शेवटी एका दुपारी तो स्वतः बघत उभा राहिला. गाडी लागली. हात सरकत आला... आणि मध्येच थांबला.

नेमका तिथेच. जिथे नवनाथ सापडला होता.

"समोर माणूस आहे. कृपया बाजूला व्हा."

वारा पडलेला होता. आणि कुठूनसा झेंडूचा वास येत होता. ताज्या झेंडूचा...

"सर, तुम्ही आत उभे राहून बघा ना," शाहनवाज म्हणाला. "तुम्हाला पकडतं का बघू."

सुयशने रेघ ओलांडली.

आवाज बंद झाला. यंत्राच्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली... *मार्ग मोकळा आहे.*

आणि हात सुटला.

"सर!" शाहनवाजने यंत्र थांबवायच्या लाल बटणावर जवळजवळ उडीच मारली. हात सुयशच्या छातीशी येऊन थांबला. मध्ये बोटभर अंतर. मग शाहनवाज स्वतः आत उभा राहिला. त्याला यंत्राने बरोबर ओळखलं. सुयश पुन्हा गेला...

*मार्ग मोकळा आहे.*

त्याने नोकरी सोडली. वाटलं, सुटलो. पण मॉलचं आपोआप उघडणारं दार त्याच्यासाठी उघडेना. दवाखान्यातल्या नळाखाली त्याने हात धरले तर पाणी येईना. लिफ्टचं दार त्याच्या खांद्यावर मिटलं. तो हे सगळं सांगायला लागला तेव्हा मी त्याची थट्टा केली.

"खाई त्याला खवखवे! काय केलंयस तू?"

तो रडायलाच लागला. मग सगळं बाहेर पडलं. मी म्हटलं, आधी त्या माउलीच्या दारात जा आणि खरं काय ते सांग.

रविवारी मी त्याला माझ्या गाडीतून घेऊन गेलो. घर रस्त्यालगतच होतं. मी काच खाली करून गाडीतच बसलो. त्याने दार वाजवलं. कुसाबाई हातात सूप घेऊनच बाहेर आली.

सुयशने हात जोडले. "मावशी, नवनाथची काही चूक नव्हती. डोळा मी बंद केला होता. नंतर गुपचूप चालू केला. मी गावासमोर सांगतो. तुम्ही फक्त..."

प्रत्येक शब्द मला गाडीत ऐकू आला.

कुसाबाईने त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं.

"कोन हाय गं?" आतून कोणा शेजारणीने विचारलं.

"कोन नाय," कुसाबाई म्हणाली. "दार वाजल्यावानी झालं."

आणि तिने दार लावून घेतलं.

तिला तो दिसला नाही, की तिला त्याला बघायचंच नव्हतं? मी स्वतःला समजावतो, दुसरंच असणार. आईचं काळीज आहे, दगड झालं असेल.

पण सुयश परत येऊन माझ्या शेजारी बसला. मी गाडी चालू केली. त्याने बेल्ट लावला नव्हता. शेजारच्याने बेल्ट लावला नाही की माझी गाडी कोकलून कोकलून डोकं उठवते.

त्या दिवशी दिंडोरी गेलं, म्हसरूळ आलं...

गाडी गप्प होती.

मला तो दिसतो. अजून तरी.