चौथा आवाज

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तिथे होतो. माझ्या या दोन कानांनी ऐकलंय.

आणि हे रात्री घडलेलं नाही. मागच्या हिवाळ्यातल्या एका रविवारी, भर दुपारी, खिडकीतून ऊन आत आलेलं असताना घडलं.

मी वाद्यं दुरुस्त करतो. कीबोर्ड, सिंथेसायझर, स्पीकर. त्या दिवशी आत्याचा फोन आला.

"अरे, आमचा सिंथ बिघडलाय. सूर गिळतोय. येतोस का?"

आत्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहते. काकांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. दोघांनी उभा जन्म हॉटेलच्या हॉलमध्ये शेजारी शेजारी बसून वाजवण्यात घालवला. सिंथसमोर अजूनही दोन खुर्च्या होत्या.

दार उघडल्यापासून तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. बंद पडलेली लिफ्ट, शेजारणीचं कुत्रं, स्वतःचे गुडघे... किती दिवसांचं बोलणं साठलं होतं कोण जाणे.

मी सिंथ चालू केला आणि ती एकदम गप्प झाली.

सिंथ जुना. चार आवाजांचा. म्हणजे पेटीत चार गायक बसलेत असं समजा. एक पट्टी दाबली की एक गायक गातो. चार दाबल्या की चौघंही. पाचवी दाबली तर? पाचवा गायक नाहीच. मग ज्याने सगळ्यात आधी सूर धरलाय, तो आपला सूर सोडून नव्या पट्टीकडे धावतो. यंत्राचा नियमच तो. आणि प्रत्येक आवाजाचा एक लाल दिवा असतो. गायक कामात असला की दिवा पेटतो.

मी तीन पट्ट्या दाबल्या. तीन सूर आले.

चौथी दाबली...

चौथा आला. पण पहिला तुटला.

म्हणजे एक गायक आधीच कुठेतरी गुंतला होता.

मी हात उचलले. तीन दिवे विझले.

चौथा पेटलेलाच.

पट्टी अडकली असेल म्हणून एकेक तपासली. सगळ्या मोकळ्या. झाकण उघडलं. चौथ्या आवाजाचं कार्ड, म्हणजे त्या गायकाची सर्किटची पाटी, काढून पहिल्याच्या जागी बसवलं आणि पहिल्याचं चौथ्याच्या जागी. कार्डात दोष असता तर तो कार्डाबरोबर सरकला असता. सरकला नाही. पुन्हा चौथाच दिवा.

मग हेडफोन लावले.

काहीच नाही.

आवाज वाढवला. अजून वाढवला...

आणि अगदी तळाशी, एक सूर चालू होता.

यंत्राची घरघर मी ओळखतो हो. त्यावरच माझं पोट आहे. ही घरघर नव्हती. सूर मध्येच किंचित दाबला जायचा... मग सैल व्हायचा. पट्टीवर बोट ठेवून कुणीतरी वाट बघत बसावं, तसा.

पट्ट्यांवर कुणाचाच हात नव्हता.

"ऐकू येतंय ना तुला?" आत्याने विचारलं. मी मान हलवली. तिने डोळ्यांना पदर लावला. "म्हणजे मला वेड नाही लागलं."

मी सिंथ बंद केला. दिवे गेले. थोडं थांबून पुन्हा चालू केला. चार पट्ट्या दाबल्या, चार सूर खणखणीत. सुटलो म्हटलं! झाकण लावलं, स्क्रू आवळायला घेतले.

समोर चौथा दिवा हळूच पेटला.

मी हट्टाला पेटलो. नियम म्हणजे नियम. सगळ्यात जुना सूर सुटलाच पाहिजे. चार पट्ट्या एकदम दाबल्या. माझाच एक सूर तुटला. पुन्हा दाबल्या. पुन्हा माझाच. तो सूर जागचा हलेना.

मी पट्ट्यांवरून हात काढले. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "आत्या... काका असतील."

"छे!" आत्या चक्क हसली. "त्यांना एक सूर धरवायचा नाही रे कधी. चटका बसल्यासारखे बोट उचलायचे. जन्मभर चिडवलं मी त्यांना. हा त्यांचा हात नाही."

"मग कोण?"

आत्याने खांदे उडवले. "मला काय माहीत?"

"हे बंद करू आणि तू माझ्याकडे चल. आत्ताच्या आत्ता."

ती उठली, रिकाम्या खुर्चीवरची उशी नीट केली आणि हळू आवाजात म्हणाली, "दिवसच्या दिवस या घरात भांडं पडल्याशिवाय आवाज होत नाही. कोण का असेना... आहे ना कुणीतरी."

मी खूप समजावलं. ती बधली नाही.

तेव्हापासून मी तिला रोज फोन करतो. आधी ती माझी सुटका होऊ द्यायची नाही. जेवलास का, बायको कशी आहे, कधी येतोस... हळूहळू बोलणं आटलं. आता दोन वाक्यांत फोन ठेवते. आवाजात मात्र इतका आनंद, की ऐकून बरं वाटायला हवं.

काल संध्याकाळी फोन केला तर घाईत होती.

"नंतर कर रे," ती म्हणाली. "आत्ता आम्ही वाजवतोय."

आम्ही...

उद्या तिला आणायला जायचं म्हणतोय. ती येणार नाही, ठाऊक आहे. आणि खरं सांगू? त्या घराची बेल वाजवायची माझी छाती होत नाहीये. आत्याऐवजी दार भलत्याच कुणी उघडलं तर?