चार्ज दिला, बौदी

उकळत नसलेल्या पाण्यात बुडबुडे.

टम्म फुगलेल्या लुच्या, मैद्याच्या पुऱ्याच त्या, वाटीत हरभऱ्याची छोलार डाळ.

जुन्या गाड्यांच्या क्लबातला हशा. "अरे गाढवा, ऑस्टिन आहे ती! हिचं सगळं उलटं. प्लस बॉडीला!" हे पिनाकी दुसऱ्यांना सुनावायचा.

अमियदांचा हात, हाडांची मोळी.

अमिय लाहिरींची अडतीस सालची ऑस्टिन भवानीपूरला, घराला लागून असलेल्या गॅरेजात उभी होती. शेवटच्या दिवसांत त्यांनी पिनाकीला गॅरेजची चावी दिली. "पावसाळ्यात बॅटरी मरते रे. दर रविवारी चार्ज दे, हळू हळू. जिवंत राहू दे तिला."

पहिल्याच रविवारी पिनाकीनं सवयीनं काळी, मायनसची तार बॉडीला लावली, लाल बॅटरीला. उलटी. ठिणगी उडाली. चार्जरमधून धूर निघाला आणि त्याची गुणगुण थांबली.

सहा व्होल्टचा चार्जर मिळायचा तो फक्त क्लबातल्या घोषालकडे. घोषालनं आधी विचारलं असतं, पहिला जळला कसा?

मग दर रविवारी पिनाकी गॅरेज उघडायचा, मागच्या सीटवर अर्धा तास बसून राहायचा आणि बाहेर येऊन अमियदांच्या बायकोला, रेबाबौदींना, म्हणजे वहिनींना, सांगायचा.

"चार्ज दिला, बौदी."

"हात नीट धू. लुची गार होतेय."

तो खायचा. दुसऱ्यांदा वाढलेलंही.

जानेवारीत जुन्या गाड्यांची रॅली होती. रेबाबौदींना अमियदांच्या गाडीत बसायचं होतं. सगळं कबूल करायचं ठरवून पिनाकी सकाळीच आला. बॅटरीची तिन्ही बुचं त्यानं काढली.

आत बारीक बुडबुडे येत होते, चार्ज होताना येतात तसे. काचनळी बुडवून ॲसिड ओढलं, तर आतला तरंगता काटा पार वर आला, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. तिन्ही घरांत तेच. बॅटरीचं अंग कोमट होतं.

"बौदी, इथं दुसरं कुणी येतं का?"

"कोण येणार? चावी तुझ्याकडे." त्यांनी शाल सारखी केली. "तू जेवून गेलास ना, की भिंतीपलीकडे ती गुणगुण सुरू व्हायची. तुझे दादा होते तेव्हा दुपारी त्यावरच माझा डोळा लागायचा. आता पुन्हा लागतो. फार केलंस रे."

पिनाकीनं तोंड उघडलं. बौदींचे डोळे भरून आले होते. मग त्यानं बुचं परत घट्ट बसवली.

गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. चालवायला घोषाल आला होता. "मानलं तुला, मास्तर!"

"यानंच जिवंत ठेवली हो," बौदी म्हणाल्या.

पिनाकीनं मान हलवली. हो म्हणून.

गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली. तो गॅरेज बंद करायला वळला.

आत गुणगुण चालू होती.

चार्जर ठेवायच्या फळीवर धूळ. मधोमध एक स्वच्छ चौकोन. त्यावर काहीच नव्हतं.

त्यानं तळहात टेकवला.

लाकूड गरम होतं.

जळका चार्जर पिनाकीनं जूनमध्येच, कुणी बघत नाहीसं पाहून, गंगेत सोडला होता.