सात नंबरचा अलार्म

ही गोष्ट खरी आहे. खोटी रचली असती, तर मी स्वतःला जरा बरा माणूस दाखवला असता.

साथीचं दुसरं वर्ष. मंगळवार, दुपारचे साडेतीन. चौथ्या मजल्यावरचं आयसीयू.

मी भूलतज्ज्ञ. आमचे पेशंट दोन तासांत उठतात आणि पाणी मागतात. आयसीयूत डॉक्टर पुरेनात, म्हणून आम्हाला तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. शिकवायला मोठ्या सिस्टर आणि पाय नसलेला एक प्लॅस्टिकचा पुतळा.

"डॉक्टर, थिएटरमध्ये अलार्म वाजला की तुम्ही बटण दाबून तो गप्प करता. तिथे चालतं, तुम्ही पेशंटच्या उशाशीच असता. इथे आधी माणूस बघायचा, मग बटण."

"सिस्टर, याला पाय नाहीत. पळून कुठे जाणार?"

सगळे हसले. सिस्टर सोडून.

चौथ्या दिवशी, त्या मंगळवारी, सात नंबरचा व्हेंटिलेटर ओरडला. पेशंट निवृत्त बस कंडक्टर. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो.

हात सवयीने गेला. बटण दाबलं. अलार्म दोन मिनिटं गप्प.

मी आठ नंबरकडे वळलो.

मास्तरांची नळी निसटली होती.

मृत्यूच्या दाखल्यावर मी आजाराचं नाव लिहिलं. मास्तरांच्या मुलीने माझ्यापुढे हात जोडले. "तुम्ही खूप केलंत हो."

"आमचं कामच आहे," मी म्हणालो. खरंच, असं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला...

सगळे आवाज थांबले.

स्क्रीन चालू. सिस्टरांचे ओठ हलताहेत. आवाज नाही.

फक्त एक धाप... सात नंबरवरून.

पलंग रिकामा होता. उशीचा मधला भाग हळूहळू दबत होता.

बरोबर दोन मिनिटं.

तेव्हापासून हे अधूनमधून होतं. कानाचे डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. अभिनंदनही केलं.

आता नव्या भूलतज्ज्ञांना मीच शिकवतो. गेल्या आठवड्यात एकीने विचारलं, "सर, अलार्म गप्प केला आणि पेशंट गेला, असं इथे कधी झालंय का?"

"माझ्या ऐकण्यात नाही."

पुतळ्याला काहीच जोडलेलं नव्हतं. त्याची छाती वर आली... आणि वरच राहिली.

त्या संध्याकाळी मी मास्तरांच्या मुलीला फोन लावला. "बोला ना डॉक्टर," ती म्हणाली, आणि...

शांतता.

मी तरीही बोललो. बटण, आठ नंबर, नळी, सगळं. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

आवाज परतला तेव्हा ती म्हणत होती, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून धीर वाटतो."

त्यानंतर चार वेळा फोन केलाय.

दर वेळी ती आभार मानते.